एकाच माणसाची जागा

मी एक जुना बोया आहे. बोया म्हणजे बुचाचे जाड, गोल कडे. बुडणाऱ्या माणसाकडे फेकतात ना, तेच. पण मी थोडा वेगळा आहे. माझ्या कड्याला आतून शिडाच्या कापडाची एक आखूड, रुंद चड्डी शिवलेली आहे. जहाज खडकावर आपटले की किनाऱ्यावरून त्याच्या डोलकाठीपर्यंत जाड दोर ताणतात. त्या दोरावर कप्पीला मी लटकतो. माणसाने माझ्या चड्डीत पाय घालायचे, कडे काखेत धरायचे, आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला लाटांच्या वरून ओढून घ्यायचे. आमच्या थॉर्नमाउथ बंदरात मला कोणी बोया म्हणत नाही. सगळे ‘चड्डी’च म्हणतात.

हसा, मित्रांनो. हसण्यासारखेच आहे ते. माझ्यात बसून आलेली माणसेसुद्धा वाळूला पाय लागल्यावर आधी रडत आणि मग हसत. एक सोडून. त्या एकाची गोष्ट मी सांगणार आहे.

माझे बूच दूरदेशाहून आले, पण मला आकार दिला तो डॉर्कसने. तिच्या वडिलांची शिडे शिवायची माडी मासळीबाजाराच्या वर होती. खालून हेरिंग माशांचा वास यायचा आणि वर डांबराचा. डॉर्कसच्या तळहाताला कायम चामड्याची पट्टी बांधलेली असे, कारण शिडाच्या कापडातून सुई नुसत्या बोटांनी जात नाही. बचाव तुकडीने बोया मागितला तेव्हा तिने माप घेतले ते आपल्या होणाऱ्या नवऱ्याचे. एनॉकला तिने टेबलावर उभे केले आणि कच्ची शिवलेली चड्डी त्याच्या पायांत चढवली.

“हलू नकोस रे, सुई टोचेल.”

“टोचलीच आहे!” एनॉक ओरडला.

तेवढ्यात त्याचा मित्र गिब दारात उभा राहिला. दोघे लहानपणापासून एकत्र, आता एकाच कोळशाच्या जहाजावर. गिब आडदांड, लाल दाढीचा, आणि तोंडाने महा वात्रट.

“वा एनॉक! लग्नाचा पोशाख झकास जमलाय! कोट पण असाच का?”

“तू गप रे,” डॉर्कस म्हणाली. “तुझ्या मापाची शिवायची तर अख्खं शीड फाडावं लागेल.”

सगळी माडी हसली. मीही हसलो असतो, तोंड असते तर. डॉर्कसने मला एका माणसाच्या मापाचा शिवला, दुहेरी टाके घालून, घट्ट. “सैल राहिली तर माणूस निसटेल,” ती म्हणायची. तिचे बरोबरच होते.

त्याच वसंतात एनॉकचे डॉर्कसशी लग्न झाले आणि गिबचे पेगशी. पेग धक्क्यावर मासे साफ करायची. तिच्या सुरीला धार होती, पण जिभेला त्याहून जास्त.

मी तुकडीच्या घरात खुंटीवर राहू लागलो. तुकडी म्हणजे गावातलीच माणसे: लोहार, शिक्षक, मासळीवाले, गोदीतले सुतार. त्यांचे प्रमुख आयझॅक टर्नबुल पेशाने दोर वळणारे होते. दर शनिवारी वाळूवर सराव चाले. खरे काम आले तेव्हा मी घाबरलो, पण कामाला उतरलो. डेन्मार्कच्या एका लाकूडवाहू जहाजावरून मी सगळी माणसे आणली. त्यातल्या आचाऱ्याने कोटात मांजर लपवले होते, तेही आले, वाटेत मला ओरबाडून. नगराध्यक्षांनी भाषण केले, माझ्या कड्याला पांढरा रंग दिला, बायकांनी केक केले. मला फार अभिमान वाटला. मला वाटू लागले की मी असेपर्यंत थॉर्नमाउथमध्ये कोणी बुडणार नाही.

मग एका फेब्रुवारीत ईशान्येचा वारा सुटला. आमच्याकडे तो वारा सुटला की बायका बोलायच्या थांबतात. लंडनला कोळसा उतरवून एनॉक आणि गिबची ‘कॉन्स्टन्स’ रिकामी परत येत होती. रिकामे जहाज हलके, वाऱ्याला सापडते. भर सकाळी, सगळ्या गावादेखत, ती दोन धक्क्यांच्या मधल्या वाटेऐवजी ‘म्हाताऱ्यां’वर गेली. म्हाताऱ्या म्हणजे नदीच्या मुखाशी असलेले तीन काळे खडक. जहाजावरची सगळी माणसे गावातलीच होती. धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचे कोणी ना कोणी त्यावर होते.

दोर बांधलेला अग्निबाण तुकडीने सोडला. पहिला वाऱ्याने उडवून नेला. दुसऱ्याचा दोर जहाजावरच्यांच्या हाती लागला. तो डोलकाठीला बांधला गेला आणि मी निघालो. पुरुष कमी पडले म्हणून दोर ओढायला बायका आल्या. पेग आली. डॉर्कस आली, पोटुशी होती तरी आली.

जहाजाचा कप्तान म्हातारा होता आणि त्याचा पाय मोडला होता, म्हणून त्याच्या जागी हुकूम देत होता गिब. त्याने आधी कप्तानाला माझ्यात बसवले. मग एकेक करून बाकीच्यांना. शेवटी डोलकाठीवर दोघेच राहिले, गिब आणि एनॉक. डोलकाठी करकरत होती. मी पोहोचलो.

“चल, घाल पाय,” गिब म्हणाला.

एनॉक त्याच्या उजव्या हाताकडे बघत होता. दोर बांधताना तो हात कप्पीत सापडला होता. बोटे ठेचली होती. नियम असा आहे, मित्रांनो, की जखमी माणूस आधी. एनॉकला तो ठाऊक होता. गिबलाही.

“गिब, तुझा हात...”

“हातावर चालत जायचंय का मला? जा रे बाबा. डॉर्कस बघ कशी उभी आहे.”

एनॉकने तोंड उघडले. मी अगदी त्याच्या छातीशी होतो. ‘आधी तू’ हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते, हे मला दिसले. मग एक लाट आली, सगळे जहाज उचलले गेले आणि खाली आदळले. एनॉकने तोंड मिटले आणि माझ्यात पाय घातला.

एवढेच झाले. कोणी कोणाला ढकलले नाही, कोणी खोटे बोलले नाही.

अर्ध्या वाटेवर त्याने मागे वळून पाहिले. मग डोळे मिटून घेतले, ते वाळूवर डॉर्कसने त्याला मिठी मारेपर्यंत उघडले नाहीत. त्याला बाहेर काढता काढता पेगने दोराला हात घातला आणि मोठ्याने म्हणाली, “झालं? आता माझा.”

त्यांनी मला परत पाठवले. जिवाच्या आकांताने ओढत होते सगळे. मी निम्म्याहून पुढे गेलो होतो. गिब मला दिसत होता. डाव्या हाताने डोलकाठीला मिठी मारून तो मला ‘ये, ये’ असे काहीतरी म्हणत होता, कुत्र्याला बोलावतात तसे. आणि डोलकाठी गेली. फार आवाजही झाला नाही. दोर सैल पडला आणि मी पाण्यात पडलो.

त्यांनी मला ओढून आणले. पेग पुढे आली. तिने माझ्या चड्डीच्या एका पायात हात घातला, मग दुसऱ्या पायात. आत फक्त पाणी होते. तरी तिने पुन्हा एकदा पहिल्या पायात हात घालून पाहिले. माझ्या आयुष्यात खूप हातांनी मला धरले, पण तो हात मी विसरू शकलो नाही.

तुम्ही म्हणाल, यात बोयाचा काय दोष? काहीच नाही. पण दोष नसला की अपराधी वाटत नाही, असे थोडेच असते? मला एकाच माणसाची जागा होती.

एनॉकला गावाने एका शब्दाने बोल लावला नाही. तेच त्याला सोसेना. ‘वाचलास रे बाबा, देवाची कृपा!’ असे म्हणून लोक पाठ थोपटत, आणि थाप पडली की तो चाबूक बसल्यासारखा आकसे. तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. आयझॅककडे दोर वळायला लागला. घरी मुलगी झाली, तिला कडेवर घेऊन तो कधी बंदरावर फिरला नाही. पेग समोरून आली की रस्ता ओलांडून पलीकडे जाई. मात्र ती कामावर असताना तिच्या दारात मासे ठेवून जाई, कोळसा ठेवून जाई. एकदा तिच्या छपराच्या निसटलेल्या कौलांची डागडुजीही चोरासारखी करून आला.

पेगला सगळे कळत होते. ते मासे ती भर रस्त्यात मांजरांना घाली आणि एनॉकच्या खिडकीला ऐकू जाईल अशी बोले, “खा बाई, खा! या गल्लीत मांजरं नुसती माजलीत!”

रविवारी दुपारी मात्र एनॉक तुकडीच्या घरी येई. माझ्या कप्पीला तेल लावी, दोर तपासी, मग समोरच्या बाकावर नुसता बसून राही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत असू. अशाच एका रविवारी दार ढकलून पेग आत आली.

“मासे टाकतोस, कोळसा टाकतोस. मी काय भिकारीण आहे?” ती म्हणाली. “आणि मला बघून रस्ता का ओलांडतोस? मला महारोग झालाय?”

एनॉक उठून उभा राहिला. मग त्याने तिला सांगितले. ठेचलेला हात सांगितला, नियम सांगितला. “तो जा म्हणाला आणि मी नाही म्हटलं नाही, पेग. म्हणणार होतो. पण म्हटलं नाही.”

मला वाटले, आता ती त्याला मारील, किंवा रडेल, किंवा माफ करील. तिने यातले काहीच केले नाही.

“हे मला आज का सांगतोस?” तिने विचारले. “मला कळावं म्हणून, की तुला हलकं वाटावं म्हणून?”

एनॉकने हातातले तेलाचे फडके बाकावर ठेवले.

“हलकं वाटलं?”

“नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि गेली. दार तिने उघडेच टाकले. वारा आत येत राहिला.

नंतर कितीतरी महिने ती त्याच्याशी बोलली नाही. डॉर्कसशीही नाही. डॉर्कस धक्क्यावर मासे घ्यायला गेली की पेग दुसऱ्या बाईला म्हणे, “हिचं तू बघ.” डॉर्कस मासे घेऊन घरी येई आणि खारवायच्या आधी रडून घेई. तिचा नवरा घरी होता, म्हणून तिला रडायचीसुद्धा लाज वाटे. हे मला कसे कळले? माझी एक शिवण उसवली होती, म्हणून मी तेव्हा तिच्या माडीवर होतो. शिवता शिवता ती वडिलांशी बोलायची, आणि मी ऐकायचो.

मी तिथे असतानाच एक दिवस पेग जिना चढून वर आली. अंगाला माशांचे खवले तसेच. डॉर्कसच्या हातातून तिने मला ओढून घेतले, उलटे केले, ताणून पाहिले.

“ही एवढीच का?”

“म्हणजे?” डॉर्कस घाबरली.

“दोघं का मावत नाहीत हिच्यात?”

“सैल केली तर माणूस निसटतो गं.”

“एक निसटेल. दोघं एकमेकांना धरतील की! खाली पट्टे लाव. कडं मोठं कर. तुला शिवता येत नसेल तर तसं सांग, मी शिवते.”

“तू? तुला बटण लावता येत नाही.”

पेगच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसली म्हणता येणार नाही. पण ती बाकावर बसली, आणि अंधार पडेपर्यंत डॉर्कसला पट्टे धरून देत राहिली. दोघी गिबबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. भांडल्या मात्र प्रत्येक टाक्याला.

आयझॅक टर्नबुलना हे पटले नाही. “दोन माणसांचं वजन! दोर लोंबेल, दोघंही लाटेत जातील.”

“मग दोर जाड वळा,” पेग म्हणाली. “दोर वळणारे तुम्ही ना?”

दोर वळला एनॉकने. इतका वळला की बोटांची साले निघाली. आणि एका शनिवारी सगळे वाळूवर जमले. एका बाजूला उंच कड्यावरचा खांब, दुसऱ्या बाजूला सरावाची डोलकाठी, मध्ये खडक आणि भरतीचे पाणी. मी आता रुंद झालो होतो, पोटाखाली पट्टे होते. मला स्वतःचीच ओळख पटत नव्हती. आयझॅकनी विचारले, “कोण बसतंय?”

कोणी पुढे येईना. नवा दोर, नवे टाके, खाली खडक. तेवढ्यात पेगने घागरा खोचला आणि माझ्यात एक पाय घातला. गर्दीत कोणीतरी शिट्टी वाजवली. तिने तिकडे असे पाहिले की शिट्टी मध्येच थांबली.

“एनॉक,” ती म्हणाली, “ये.”

एनॉकने डॉर्कसकडे पाहिले. डॉर्कसने मान डोलावली. तो आला. दोघे माझ्यात समोरासमोर, कडे काखेत धरून, एकमेकांचे दंड पकडून. इतकी वर्षे जो तिच्या सावलीला उभा राहत नव्हता, त्याला आता तिच्या श्वासाएवढ्या अंतरावर लटकायचे होते. दोर ताणला आणि आम्ही निघालो. मी करकरलो, पण धरून राहिलो.

मधोमध आल्यावर एनॉकने डोळे मिटले.

“उघड डोळे,” पेग म्हणाली. “इथूनच बघितलंस ना मागे?”

“हो.”

“काय दिसलं?”

“तो हात हलवत होता.”

“कुठला?”

“ठेचलेला.”

खाली लाट फुटली आणि आमच्या पायांवर पाणी उडाले. पेगने विचारले, “हसत होता?”

‘हो’ म्हणाला असता तर किती सोपे झाले असते! तिला बरे वाटले असते. त्यालाही. एनॉकने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

“माहीत नाही, पेग. मला खरंच दिसलं नाही. मी डोळे मिटले.”

तिने त्याचा दंड आणखी घट्ट धरला. “बरं,” ती म्हणाली. “खोटं नाही बोललास.”

मग पलीकडच्या वाळूला पाय लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, दोर टिकला म्हणून पेगच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यानंतर नॉर्वेचे एक जहाज त्याच म्हाताऱ्यांवर आले. शेवटी राहिलेले कप्तान आणि खलाशांचा तांडेल दोघे माझ्यात एकत्र बसून किनाऱ्याला आले. तांडेल कप्तानाच्या पायावर उभा होता म्हणून कप्तान सारखा शिव्या देत होता. एनॉक दोर ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे होता. पण मित्रांनो, मी तुम्हांला खरे तेच सांगणार. त्या जहाजाची डोलकाठी पडली नाही. ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली. म्हणजे ते एकेक करूनही आले असते. एनॉक वाळूवर बसून त्या डोलकाठीकडे बघत राहिला. एका जिवाच्या बदल्यात दोन जीव, असा हिशेब कोणी त्याला ऐकवला असता तर त्याने तो मानला नसता.

पेगने त्याला ‘माफ केले’ असे कधी म्हटले नाही. पण पुढे तिचे छप्पर गळले की ती रस्त्यातून सरळ हाक मारी, “एनॉक! शिडी घेऊन ये, आणि पुढच्या दाराने ये!” तो येई. काम झाल्यावर ती त्याला चहा देई, गोड, काळा, कडक. तो चहा प्यायला त्याला बराच वेळ लागे. ते दोघेही म्हातारे झाले. अपराधीपण त्याचे शेवटपर्यंत गेले नाही. फक्त ते घेऊन पुढच्या दाराने आत जाता येते, एवढे त्याला कळले.

मग काळ बदलला. मोटारीच्या होड्या आल्या, आकाशातून हेलिकॉप्टर येऊ लागले. मला कोणी बोलावीनासे झाले. बरीच वर्षे मी माळ्यावर पडून होतो. उंदरांनी माझे पट्टे कुरतडले. आता मला तुकडीच्या घराच्या भिंतीवर टांगले आहे. शाळेची मुले येतात, माझ्यात डोके घालून फोटो काढतात, ‘चड्डी! चड्डी!’ म्हणत हसून लोळतात. मला राग येत नाही.

गेल्या हिवाळ्यात इथे एका माणसाला आणले. धुक्यात त्यांची लहान होडी उलटली होती. होडीत दोघे भाऊ होते आणि हा एकटा सापडला होता. माझ्याच भिंतीखालच्या बाकावर तो घोंगडी पांघरून बसला. लोक गोळा झाले. “नशीबवान हं तुम्ही!” एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, “पण तुम्ही वेगळे कसे झालात? त्याला धरलं नव्हतं का?” तो माणूस उत्तर शोधू लागला. मला वरून त्याच्या मानेची शीर दिसत होती. मी ती थरथर ओळखली. ती थंडीची नव्हती.

या घराची देखभाल मॉरीन नावाची बाई करते. तिने हातातल्या फडक्याने सगळ्यांना दाराकडे हाकलले. “चला, निघा! फरशी पुसायचीय मला.” फरशी तिने पुसली नाही. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली, बिस्किटांचा डबा मध्ये ठेवला, आणि काहीही विचारले नाही. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, “तो माझ्याहून लहान होता.” ती म्हणाली, “नाव काय त्याचं?”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हांला सगळेच सांगतात. मला जपलेत तर मला आनंदच होईल. पण माझे मागणे निराळे आहे. जो बुडाला, त्याच्यासाठी सगळे गाव रडते. जो वाचून आला, त्यालाही जपा. त्याची पाठ थोपटू नका, त्याला नशीबवान म्हणू नका, आणि कसे वाचलास असे विचारू नका. थोडे सरका आणि बाकावर त्याच्या शेजारी बसा. तिथे दोघांची जागा असते.